खालचा बाण दाबला आणि पट्टी छापून आली

२०१९ च्या पुरात सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, पण माळ्यावरचं राहिलं. त्या माळ्यावर एक बुटाचं खोकं होतं, त्यात फ्लॉप्या आणि एक भलंमोठं बाड, दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर डॉट मॅट्रिक्सने छापलेला माझा सी चा प्रोग्राम. आई दरवर्षी म्हणायची हे टाक आता, मी म्हणायचो असू दे गं. परवा ते बाड खाली काढलं त्याला कारण आमचा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागेत राहतो, रविवारी भडंग खायला आमच्याकडे येतो. आला तो लॅपटॉप घेऊनच, म्हणाला मामा, सापाचा गेम करतोय टर्बो सी मध्ये, पण साप हलतच नाही, बटण दाबलं की एक घर सरकतो आणि परत थांबतो.

टर्बो सी! सी चे प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं हे साधन बोर्लंड कंपनीने काढलं १९८७ ला, म्हणजे ह्या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधी, आणि हा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीचं डॉस आजच्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती निळी स्क्रीन उघडून बसलाय कारण प्रॅक्टिकलला तेच लागतं. मला हसायला पण आलं आणि बरं पण वाटलं, कारण आयुष्यात एकच विषय असा आहे ज्यात मी ह्या पोराला काही शिकवू शकतो, आणि तो म्हणजे डॉसमध्ये कीबोर्डचं बटण दाबलंय का नाही ते कसं ओळखायचं.

त्याची चूक एका ओळीची होती. लूपमध्ये, म्हणजे परत परत फिरणाऱ्या ओळींमध्ये, सरळ गेटसीएच टाकलेलं. गेटसीएच म्हणजे दारात बसून राहणारा माणूस, बटण येईपर्यंत हलणारच नाही, आणि तो हलला नाही की साप पण हलत नाही. त्याच्या आधी केबीहिटला विचारायचं, काही आलंय का? नसेल आलं तर शून्य देतं आणि आपण पुढं जातो, साप सरकवतो, परत विचारतो. आलं असेल तरच गेटसीएच. हे सांगितल्यावर त्याने केबीहिट टाकलं आणि गेटसीएच काढूनच टाकलं, मग एकदा बटण दाबलं की केबीहिट कायमचं हो हो म्हणत बसलं, कारण केबीहिट फक्त बघतं, उचलत नाही. उचलायचं काम गेटसीएचचं. पत्रपेटीत पत्र आहे का बघणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. ही चूक मी पण केलेली, सगळेच करतात.

माझी एक दुसरी चूक मात्र महाग पडलेली.

१९९६ ची गोष्ट. आमच्या काकांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. शेतकऱ्याची पोती आली, सौदा झाला, वजन झालं की त्याला पट्टी करून द्यायची, म्हणजे वजन गुणिले दर, त्यातनं हमाली, तोलाई, अडत वजा, खाली हातात येणारी रक्कम. दिवाणजी हे सगळं लांब वहीवर करायचे आणि सीझनला रात्रीचे अकरा वाजायचे. मी नुकताच शिकून बाहेर पडलेलो, अंगात मस्ती, म्हटलं काका मी करून देतो प्रोग्राम. एक जुना फोर एटी सिक्स कम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला. जिस्ट कार्ड टाकलं असतं तर डॉसमध्ये पण मराठी दिसलं असतं पण काका म्हणाले आधी इंग्रजीत चालतंय का बघ मग खर्च सांग. त्यामुळं नावं इंग्रजी अक्षरात.

मेनू साधा. एन म्हणजे नवीन, पी म्हणजे प्रिंट, एस म्हणजे सेव्ह, डी म्हणजे डिलीट, क्यू म्हणजे बाहेर. गेटसीएचने अक्षर घ्यायचं, कॅपिटल करायचं, मग अक्षराप्रमाणे काम वाटणारं स्विच केस. झालं. काकांची एकच फर्माईश, कोपऱ्यात घड्याळ पाहिजे, चालतं. आता गेटसीएचवर प्रोग्राम थांबला की घड्याळ पण थांबणार, म्हणून तिथं पहिल्यांदा केबीहिट वापरलं, बटण नाही तोवर वेळ बघ, सेकंद बदलला असेल तरच घड्याळ परत लिही. (पहिल्यांदा मी प्रत्येक फेरीला लिहीत होतो, ते असं लुकलुकायचं की दिवाणजी म्हणाले डोळं फुटतील की हो.)

आठ दिवस मस्त चाललं आणि मग फोन. "अवो, तुमचा कम्प्युटर आपोआप पट्ट्या छापतोय." मी म्हटलं आपोआप कसा छापेल, पी दाबलं असेल कुणीतरी. "न्हाई ओ, मी आपलं खालचा बाण दाबला, यादीत खाली जायाचं म्हणून." गेलो सायकलवरनं. त्यांनी माझ्यासमोर खालचा बाण दाबला आणि प्रिंटर खरखर करत सुरू. मग ते म्हणाले हे तर काहीच नाही, डिलीट दाबलं की सेव्ह होतंय, आणि पेज डाऊन दाबलं की सगळं बंदच पडतंय. मला वाटलं व्हायरस. तेव्हा काहीही झालं की व्हायरसच वाटायचा.

सापडलं ते एका फालतू गोष्टीवरनं. नाव टाकायच्या जागी वरचा बाण दाबला की एच उमटत होता, आणि तो कॅपिटल एच होता. बाकीचं नाव छोट्या लिपीत, कॅप्स लॉक बंद, आणि मधेच हा एक कॅपिटल एच. म्हणजे हा कीबोर्डवरचा एच नव्हेच, हा कुठून तरी आकडा येतोय जो योगायोगाने एच आहे. मग तिथंच पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला, जे बटण येईल त्याचा नंबर छाप. ए दाबला, ९७. एंटर दाबलं, १३. एस्केप, २७. वरचा बाण दाबला, आणि एका बटणाला दोन ओळी आल्या. ० आणि ७२.

तर भानगड अशी. बाण, एफ वन, डिलीट, होम असल्या बटणांना आस्की, म्हणजे अक्षराला ठरवून दिलेला नंबर, नाहीच. मग डॉस काय करतं, गेटसीएचला पहिल्यांदा शून्य देतं, म्हणजे सांगतं की आता येतंय ते अक्षर नाही, आणि पुढच्या गेटसीएचला त्या बटणाचा स्कॅन कोड, म्हणजे कीबोर्डवरच्या त्या बटणाचा स्वतःचा नंबर, देतं. वरचा बाण ७२, खालचा ८०, डावा ७५, उजवा ७७. मी शून्याला ओळखतच नव्हतो, ते स्विच केसमधनं गुपचूप निघून जायचं, आणि मागून येणारा ८० माझ्या प्रोग्रामला वाटायचा आस्की ८०, आणि आस्की ८० म्हणजे कॅपिटल पी. पी म्हणजे प्रिंट. डिलीटचा स्कॅन कोड ८३, आस्की ८३ म्हणजे एस, झालं सेव्ह. पेज डाऊन ८१, तो क्यू, चला बाहेर. एफ टेनचा ६८, तो तर डी, म्हणजे पट्टीच उडणार, नशीब दिवाणजींचा हात तिथपर्यंत गेला नव्हता. एवढा नेमका योगायोग ठरवून जमला नसता राव.

दुरुस्ती दोन ओळींची, शून्य आलं तर परत एकदा गेटसीएच कर आणि त्याच्यासाठी वेगळा स्विच. बाणाने यादी खरोखर खाली जायला लागली तेव्हा दिवाणजींच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो घड्याळाला पण नव्हता.

दुसरी भानगड जास्त वाईट होती कारण ती पैशाची होती. पट्टी छापायला तो नऊ पिनांचा प्रिंटर वेळ लावायचा आणि छापून होईपर्यंत माझा प्रोग्राम तिथंच अडकलेला असायचा. दिवाणजींचा हात तोवर बसला होता, त्यांना थांबवेना. छापणं चालू असतानाच ते पुढच्या शेतकऱ्याचं नाव टाईप करायला लागायचे, स्क्रीनवर काही दिसत नसलं तरी, कारण त्यांना कळलं होतं की नंतर ते आपोआप उमटतं. आणि मी छापून झाल्यावर प्रश्न ठेवलेला, परत छापू का, वाय की एन. एक दिवशी पुढच्या शेतकऱ्याचं नाव यशवंत. इंग्रजीत वाय पासून.

दिवाणजींनी वाय ए एस एच डब्ल्यू ए एन टी दाबलं, एंटर, मग गाव तासगाव. टी ए एस जी ए ओ एन. शेवटच्या एनला मशीन टीं करून ओरडलं आणि ते थांबले. छापणं संपलं, प्रोग्रामने विचारलं परत छापू का, आणि उत्तर तर आधीच येऊन बसलेलं, वाय. निघाली दुसरी पट्टी. परत विचारलं, उत्तर ए, म्हणजे वाय नाही, मग नवीन फॉर्म उघडला आणि त्यात नाव आलं एस पासून, श्वंत, गाव तासगाओ. एकाच मालाच्या दोन पट्ट्या आणि खाली शेतकरी श्वंत. काका चिडले नाहीत, नुसते म्हणाले "ही दुसरी पट्टी घेऊन कोण उद्या पैसे मागायला आला तर तू देणार आहेस का?" मी त्या दिवशी जेवायला घरी आलो नाही.

ते टीं कुठून आलं ते समजून घ्यायला मी तेव्हा दोन दिवस घालवले, म्हणून अजून पाठ आहे. बटणं साठवायला बायोसकडे, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामकडे, ३२ बाईटची एक जागा असते, मेमरीत अगदी खाली, ४० हेक्स सेगमेंटला (हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात लिहिलेला आकडा). एका बटणाला दोन बाईट, एक आस्की आणि एक स्कॅन कोड, म्हणजे १६ खाने. पण मावतात १५. कारण ते खाने गोल फिरतात, एक खूण सांगते पुढचं कुठून काढायचं, दुसरी सांगते पुढचं कुठं ठेवायचं, आणि दोन्ही खुणा एकाच जागी असल्या की त्याचा अर्थ रिकामं. सोळावा खाना भरला तर दोन्ही खुणा परत एकाच जागी येणार आणि भरलेलं पण रिकामं दिसणार, म्हणून एक खाना सोडून देतात. यशवंतची आठ, एंटर नऊ, तासगावच्या ए ओ पर्यंत पंधरा, आणि तो शेवटचा एन सोळावा. म्हणून टीं, आणि म्हणून तासगाओ.

उपाय एवढाच की कुठलाही हो-नाहीचा प्रश्न विचारायच्या आधी ही साठलेल्या बटणांची बादली उपडी करायची. जोवर केबीहिट हो म्हणतंय तोवर गेटसीएच करून फेकून दे, मग विचार. म्हणजे प्रश्न दिसल्यानंतर दाबलेलंच उत्तर धरलं जाईल. नावाच्या फॉर्मला मात्र मी ते केलं नाही, तिथं दिवाणजींचं आगाऊ टाईप करणं चालू दिलं असतं, पण प्रश्नाच्या वेळी बादली रिकामी झाली की ते पण जाणारच. मग प्रश्नच काढून टाकला आणि परत छापायला वेगळं बटण दिलं. बरेचदा प्रॉब्लेम असाच सुटतो, आपणच घातलेला प्रश्न काढून.

इथं एक सांगायलाच पाहिजे, आपल्याकडे कॉलेजात अशा वेळी इनपुट रिकामं करायला म्हणून एफफ्लश एसटीडीआयएन लिहायला शिकवतात आणि पोरं ते मंत्रासारखं लिहितात (हीच पोरं एसटीडीआयओला स्टुडिओ डॉट एच म्हणतात, मी पण म्हणायचो). ते इनपुटसाठी नाहीच, सी च्या स्टँडर्डमध्ये त्याचा अर्थच ठरवलेला नाही. टर्बो सी मध्ये चालतं ते बोर्लंडची कृपा म्हणून, आणि चाललं तरी ते सी लायब्ररीचा स्वतःचा डबा रिकामा करतं, स्कॅनएफने वाचल्यावर मागं राहिलेलं एंटर वगैरे. बायोसच्या बादलीला ते हातच लावत नाही. हे दोन वेगळे डबे आहेत हे कुणी सांगत नाही.

भाच्याने मग बरोबर प्रश्न विचारला, की मामा, प्रोग्राम प्रिंटरवर अडकलाय तर बटणं साठवतंय कोण?

त्याला म्हटलं, पूर आठव. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आपल्यात दोन प्रकारचे लोक असतात. एक, दर तासाला छत्री घेऊन आयर्विन पुलावर जाऊन आकडा बघून येणारे, आमचे आजोबा तसलेच. ३२ फूट, परत जा, ३२ आणि थोडं, परत जा. आणि दुसरे, घरी निवांत बसणारे, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, तेव्हा भोंगा वाजेल नाहीतर कुणीतरी दारावर येईल, तोवर आपलं काम करू म्हणणारे. केबीहिट म्हणजे आजोबा. कीबोर्ड खरा चालतो तो दुसऱ्या पद्धतीने. तू बटण दाबलंस की कीबोर्ड एक नंबर पाठवतो आणि प्रोसेसरला हाताला धरून उठवतो, त्याला इंटरप्ट ९ म्हणतात. प्रोसेसर काय करत असेल ते ठेवतो, पोर्ट ६० हेक्स नावाच्या दारातनं तो नंबर वाचतो, बादलीत टाकतो आणि परत आपल्या कामाला. तुझा केबीहिट नंतर कधीतरी येऊन बादलीत डोकावतो. आणि बटण सोडलंस की पण उठवतो, तोच नंबर अधिक १२८. पण सोडल्याचं बादलीत जात नाही. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट नुसते दाबले तरी बादलीत काही जात नाही, त्यांची नोंद वेगळ्या एका बाईटमध्ये, ४० हेक्सच्या १७ हेक्सला, एकेक बिट. म्हणून केबीहिटला शिफ्ट कधीच दिसत नाही.

हे मला कुठं कळलेलं, तर होस्टेलला. आम्ही दोघांचा गेम केलेला, एकाच कीबोर्डवर, एकाची गाडी डब्ल्यू एस ने, दुसऱ्याची बाणांनी. बटण दाबून धरलं की गाडी चालते. पण मी बाण दाबून धरलेला असताना पार्टनरने डब्ल्यू दाबला की माझी गाडी जागेवर ठप्प. आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो, तू कीबोर्ड हलवतोस म्हणून. झालं काय की, दाबून धरल्यावर कीबोर्ड साधारण अर्धा सेकंद थांबतो आणि मग सेकंदाला दहा-अकरा वेळा तेच बटण परत परत पाठवतो, पण फक्त सगळ्यात शेवटी दाबलेलं. दुसरं बटण दाबलं की पहिल्याचं पाठवणं बंद, आणि दुसरं सोडलं तरी ते परत सुरू होत नाही. त्याला केबीहिटच्या दुनियेत उत्तरच नाही. मग गेटव्हेक्टने जुना इंटरप्ट ९ चा पत्ता जपून ठेवायचा, सेटव्हेक्टने आपलं फंक्शन बसवायचं, आपणच पोर्ट ६० वाचायचं, १२८ खान्यांचा एक ॲरे, दाबलं की १, सोडलं की ०, आणि शेवटी पोर्ट २० हेक्सला २० हेक्स पाठवून सांगायचं की झालं माझं. ते शेवटचं विसरलं की पहिल्या बटणानंतर कीबोर्ड मुका. आणि प्रोग्राम संपताना जुना पत्ता परत बसवायला विसरलं की मशीन मेलंच, रीसेट. आम्ही पहिल्या रात्री किती वेळा रीसेट केलं त्याचा हिशेब नाही, वॉर्डन येऊन विचारून गेला की हा टक टक आवाज कसला.

काकांकडच्या प्रोग्रामचं शेवटचं आजारपण वेगळंच. पुढं दुकानात विंडोज ९८ चं मशीन आलं, माझा प्रोग्राम डॉसच्या खिडकीत चालायचा, आणि तो उघडला की बाकी सगळं गोगलगाय. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम, त्यामुळं माझा तो घड्याळाचा लूप सेकंदाला हजारो वेळा बटण आलं का, बटण आलं का विचारत बसला तरी कुणाचं काय जात नव्हतं. विंडोजमध्ये मात्र तो शेजाऱ्यांच्या वाटणीचं पण खात होता. विंडोजवाल्यांना हे माहीत होतं, त्या खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये आयडल सेन्सिटिव्हिटी नावाची एक पट्टी सरकवायला दिलेली, म्हणजे हा प्रोग्राम नुसता कीबोर्डच विचारत बसलाय असं वाटलं की त्याचा वेळ कापायचा. मी ती सरकवली आणि वर लूपमध्ये इंटरप्ट २एफ, एएक्समध्ये १६८० हेक्स, असा एक कॉल टाकला, ज्याचा अर्थ माझं आत्ता काही काम नाही, दुसऱ्याला द्या. मशीन लगेच हलकं झालं. आजोबांना पुलावर जायचंच असेल तर जाऊ दे, पण प्रत्येक खेपेला वाटेत चहा घेऊन जा म्हणायचं, एवढंच.

भाच्याला लिनक्सचं पण सांगितलं थोडक्यात, की तिथल्या जीसीसी कम्पायलरला केबीहिट ज्यात असतं ते कोनिओ डॉट एच माहीतच नाही, कारण केबीहिट हे सी चं नव्हेच, डॉसच्या कम्पायलरवाल्यांनी दिलेलं होतं, तिकडं टर्मिनलची ओळ-ओळ साठवायची सवय टर्मिऑसने मोडावी लागते आणि मग सिलेक्टने विचारायचं. त्याने मान हलवली पण लक्ष बाडाकडं होतं.

"हे चालेल का अजून?" म्हणाला. म्हटलं टाईप कर की. साडेतीनशे ओळी त्याने बसून टाईप केल्या, भडंगाचे तेलकट हात लॅपटॉपला लावत, दोन सेमीकोलन विसरला, ते घातल्यावर कम्पाईल झालं. डॉसबॉक्समध्ये निळी चौकट आली, वर काकांच्या दुकानाचं नाव, कोपऱ्यात घड्याळ, सेकंद पळतायत. मी सांगायला विसरलो होतो की ते बाड पहिल्या आठवड्यातलं आहे, दिवाणजींचा फोन यायच्या आधीचं.

त्याने दोन पट्ट्या भरल्या, यादी बघावी म्हणून पेज डाऊन दाबलं, आणि स्क्रीन काळी होऊन सी प्रॉम्प्ट आला.

"मामा, बंद पडला की हा."

"परत चालू कर," म्हटलं, "आणि आता डिलीट दाबून बघ."